दोर, दोरी, दोरा आणि डोरिया

'गाडा–गाडी', 'सुरा–सुरी' या जोड्यांत पुल्लिंगी रूप मोठी वस्तू दाखवते, स्त्रीलिंगी रूप लहान. हाच नियम 'दोरा–दोरी'ला लावून पाहा, तो उलटतो. दोरीवर धुणे वाळते, दोरा सुईच्या नेढ्यातून जातो. दोरीचा खरा जोडीदार 'दोर' आहे, ज्याने विहिरीतून घागर शेंदतात. 'दोरा' या जोडीबाहेर पडून शिवण्या-ओवण्याच्या धाग्यासाठी रूढ झाला. आपल्या इचलकरंजीत मागावर असते ते मात्र सूत, दोरा नव्हे.

मग 'डोरिया' या तलम कापडाच्या नावात दोरा कसा? विरळ, तलम विणीत काही धागे एकत्र घेतले की कापडावर जाडसर रेघ उमटते. नाव त्या रेघेचे आहे, तलमपणाचे नव्हे. म्हणून 'एक तलम कापड' एवढाच अर्थ देणे अपुरे ठरते. शब्दारंभीचा 'ड' हिंदी 'डोरा'शी जुळतो. हा शब्द कापडाबरोबर उत्तरेकडून आला असावा.

स्वाध्याय : 'सुतळी'तील प्रत्यय लघुत्वदर्शक वाटतो, तरी ती सुतापेक्षा जाड असते. वरील विवेचनाच्या आधारे चर्चा करा.