आधी बेडपॅन, मग स्पेशालिटी

“मला नर्सिंग करायचंय, पण ते शी-शू साफ करणं मला नाही जमणार.” हायस्कूलमधली मुलगी असं म्हणाली की आपल्या घरांत दोन उत्तरं तयारच असतात. ‘मग कशाला त्या भानगडीत पडतेस, कॉम्प्युटर सायन्स घे’, नाहीतर ‘होते गं सवय’. दोन्ही घाईची.

आधी तिची किळस आणि तुमची किळस वेगळी करा. तिला वासाने मळमळतं. आपल्याला खुपतं ते ‘आमची मुलगी परक्या माणसाचं ढुंगण धुणार?’ हे. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथल्या बायका परिचारिका व्हायला निघाल्या, तेव्हाही पांढरपेशांना ते सहज पचलं नव्हतं. न्यू जर्सीत घर घेतलं म्हणून सोवळं सुटतंच असं नाही.

आता व्यवहाराचं. इथे अमेरिकेत नर्सचं लायसन्स स्पेशालिटीचं नसतं, आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) असतं, आणि त्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा सगळ्यांना एकच. त्यामुळे पुढे काहीही करायचं असलं तरी कॉलेजच्या क्लिनिकल्समध्ये स्पंजिंग, बेडपॅन, डायपर यांतून सुटका नाही. आणि ते काम बिनडोक नव्हे. रुग्णाला कुशीवर वळवून खालचं पॅड आत गुंडाळत नेताना नर्सची नजर माकडहाडावरच्या कातडीवर असते. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर बेडसोर सुरू झालाय. शौच डांबरासारखं काळं, चिकट असेल तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. डॉक्टरला ताबडतोब कळवायचं. वासाचं म्हणाल, तर मुरलेल्या नर्सेसही मास्कच्या आत पेपरमिंट तेलाचा थेंब लावतात. त्यात कमीपणा कसला?

पदवीनंतर मात्र वाटा बऱ्याच आहेत. पण नावावर जाऊ नका. आयसीयू ऐकायला रुबाबदार, पण बेशुद्ध माणसाचं सगळंच नर्सला करावं लागतं. ऑपरेशन थिएटरमध्ये रक्त असतं, कॅथेटर घालणं असतं, बेडपॅन क्वचित. मानसोपचार, शाळेतली नर्स, केस मॅनेजमेंट, इन्फर्मॅटिक्स इथे हा भाग खूपच कमी; मात्र यांतल्या काही जागांना आधी वर्ष-दोन वर्षं बेडसाइडचा अनुभव मागतात. शिवाय प्रत्येकाची किळस वेगळी. शौचाचं काही न वाटणारी नर्स ट्रेकिऑस्टॉमीतला कफ ओढताना पांढरीफटक पडलेली मी पाहिली आहे. मुलीला नेमकी कशाची किळस येते, ते तिलाही अजून ठाऊक नसणार.

ते कळायला फीचे हजारो डॉलर भरायची गरज नाही. सीएनएचा (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा) कोर्स करू द्या. केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचा, बऱ्याच राज्यांत त्याहून मोठा. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत नर्सिंग होममध्ये नोकरी. तिथे लपायला जागा नसते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ही नोकरी मंडळाच्या गणपतीत लपवू नका, तिला ते लगेच कळतं. आणि पहिल्या शिफ्टवरून आली की ‘कसं वाटलं?’ एवढ्यावर सोडू नका. काय जमलं, कुठे पोटात ढवळलं, कुणी सांभाळून घेतलं, असं एकेक विचारा. फक्त जेवणं उरकल्यावर.