स्लाइड फिल्म : 36 फ्रेम्सचा हिशोब

मामाचा जुना एसएलआर कॅमेरा हाती आला तेव्हा मला वाटलं, रोल टाकायचा, क्लिक करायचं, झालं! त्यात मी हौसेने एक्टाक्रोम ई100 घेतला, म्हणजे स्लाइड फिल्म. रोल महाग, आणि धुवायला दुसऱ्या शहरात पाठवायचा. पण आमच्या हॉस्टेलचे वॉचमन काका रिटायर होऊन गावी जाणार होते आणि त्यांचा झकास फोटो काढून देईन असं मी सगळ्यांसमोर कबूल करून बसले होते.

आधी थोडी केमिस्ट्री (स्किप करू नका!). ही फिल्म ई-6 प्रोसेसने धुतात. पहिल्या डेव्हलपरमध्ये, 38 अंशांना, जिथे प्रकाश पडला तिथल्या सिल्व्हर हॅलाइडची काळी चांदी होते. मग उरलेल्या हॅलाइडवर रसायनाची क्रिया करून कलर डेव्हलपरमध्ये तिच्या जागी रंग तयार करतात. शेवटी ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात. म्हणजे प्रकाश जास्त तिथे रंग कमी. फारच जास्त झाला तर तिथे नुसती कोरी पारदर्शक फिल्म उरते, मग कुणीही काही करू शकत नाही. निगेटिव्हमध्ये जास्त प्रकाश पडला तरी प्रिंट करताना सावरून घेता येतं. निगेटिव्ह म्हणजे ग्रेस मार्क देणारे सर, आणि स्लाइड म्हणजे एक्स्टर्नल.

पहिल्या दहा फ्रेम्स सिंहगडावर गेल्या. सकाळचं आकाश आणि सावलीतली दरी एकाच चौकटीत धरली. स्लाइडला साधारण पाच स्टॉपचा फरक झेपतो, इथे त्याहून जास्त होता. आकाश सुंदर आलं, दरी डांबरासारखी. अशा वेळी वरून गडद, खाली स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावतात. माझ्याकडे नव्हता. हिरवळीसाठी फुजीची वेल्व्हिया 50 प्रसिद्ध आहे, पण तिच्यात माणसांचे चेहरे लालसर येतात, म्हणून मी ती घेतली नव्हती.

आता काका. मीटर समोरचं सगळं 18 टक्के राखाडी समजतो. काका सावळे, टोपी आणि शर्ट पांढरा. चेहऱ्यावर मीटर धरला तर तो जास्त प्रकाश देतो आणि शर्ट कोरा होतो. भिंतीसकट मोजलं तर चेहरा काळवंडतो. उपाय सोपा आहे : त्याच उजेडात आपला तळहात मोजायचा आणि एक स्टॉप उघडायचा, कारण तळहात राखाडीपेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. काकांना मी उन्हात नाही, पोर्चच्या सावलीत बसवलं. सावलीत स्लाइड निळसर येते म्हणून 81ए हा फिकट पिवळसर फिल्टर लावला. अर्ध्या अर्ध्या स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम्स घेतल्या.

(घरी कपाटात जुना कोडॅक्रोमचा न धुतलेला रोल सापडला तर तो ई-6 ला देऊ नका. त्याची प्रोसेस वेगळी होती. ती फिल्म 2009 मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षाअखेर शेवटच्या लॅबनेही रोल घेणं थांबवलं.)

रोल तीन आठवड्यांनी आला. ड्रॉइंग हॉलच्या ट्रेसिंग टेबलवर भिंग लावून बघितला. तीनपैकी एकात शर्ट कोरा, एकात चेहरा जरा गडद. मधली फ्रेम मात्र अशी, की टोपीची शिवणसुद्धा दिसते आणि डोळ्यांतलं हसूही.

काकांना मी मोठा प्रिंट दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि स्लाइड ट्यूबलाइटकडे धरून बराच वेळ बघितली. "बेटा, हीच दे ना. घरी खिडकीत धरून दाखवेन."

स्लाइड म्हणजे मूळ प्रतच, दुसरी नसते. दिली. ती जरा गडद असलेली फ्रेम माझ्याकडे आहे.