पाठीवरचं बिऱ्हाड : फायबरग्लासचा छोटा ट्रेलर आणि भाराचं गणित



'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सतत बदल्या होणाऱ्या माणसाबद्दल वापरतो. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र अनेक कुटुंबं हौसेने असं बिऱ्हाड मोटारीमागे जोडतात आणि सुट्टीला निघतात. अंड्यासारखा गोलसर, पांढरा, दोन चाकांचा एक छोटा ट्रेलर. आत झोपायला जागा, दोन बर्नरची शेगडी, लहानसं बेसिन, छोटा फ्रीज. आज आपण या ट्रेलरची माहिती घेणार आहोत. माहिती गमतीची आहेच, पण शाळेत शिकलेली तरफ इथे माणसांचा जीव कसा वाचवते, तेही आपल्याला बघायचं आहे.

आधी थोडा इतिहास. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात रे ओलेको या गृहस्थांनी 'बोलर' नावाचा ट्रेलर तयार केला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासच्या सेप्टिक टँकवर काम केलं होतं. सांडपाण्याची टाकी फायबरग्लासची होऊ शकते, तर हलकं घर का नाही? ट्रेलरचा आकार बोलर हॅट या गोल टोपीसारखा दिसायचा, म्हणून नाव पडलं बोलर. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बॅकस या लहानशा गावी 'स्कॅम्प' ट्रेलर बनू लागले आणि १९८३ मध्ये टेक्सासमध्ये 'कॅसिटा' आले. पन्नास वर्षं जुने बोलर आजही रस्त्यावर दिसतात.

इतकं टिकण्याचं कारण बांधणीत आहे. साधे ट्रेलर लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून करतात. पत्र्यांचे सांधे कधीतरी उकलतात, पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. फायबरग्लासच्या ट्रेलरचे मोठे भाग दोनच. गणपतीच्या मूर्तीचा साचा तुम्ही पाहिला असेल, तसाच पण भला मोठा साचा घेतात. त्यात आधी गुळगुळीत रंगाचा थर मारतात, त्यावर काचेचे तंतू आणि रेझिन. सुकल्यावर साच्यातून एक खालची वाटी निघते आणि एक वरची. दोन्ही कडेला कडा लावून जोडल्या, की झालं घर! छताला सांधाच नाही. गळती होते ती खिडक्यांच्या रबरातून, छतावरच्या झडपेतून किंवा रिव्हेटच्या भोकांतून. जुना ट्रेलर घेणारा माणूस म्हणूनच आधी गादी उचलून कोपऱ्यांत हात फिरवतो आणि ओल लागते का बघतो.

लांबी पुढच्या दांडीसकट १३ फूट, म्हणजे सुमारे चार मीटर. आतली खोली जेमतेम तीन मीटरची. दिवसा जिथे बसून जेवायचं, तिथलंच टेबल रात्री खाली उतरवायचं, त्यावर गाद्या मांडायच्या आणि झोपायचं. एकाला चहा करायचा असेल तर दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत संसार केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

हा ट्रेलर हलका असतो, म्हणून तो साध्या मोटारीमागेही जोडता येतो. पण हलका म्हणजे निर्धास्त नव्हे. दोन चाकं, मध्ये एकच आस. म्हणजे काय झालं? सी-सॉ! आस हा टेकू. पुढे दांडी, ती मोटारीमागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. मागे ट्रेलरचं बूड. आपल्याकडे बैलगाडी भरताना जाणती माणसं हेच बघतात. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. पुढे जास्त झालं तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर. ट्रेलरचंही तसंच आहे. फरक एवढाच की इथे बैलांच्या जागी ताशी नव्वद किलोमीटरने धावणारी मोटार आहे.

उत्तर अमेरिकेतला सर्वमान्य नियम असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर डावी-उजवीकडे झुलू लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा उतारावर वेग वाढला, की झुलणं सुरू. मागचं जड बूड लंबकासारखं वागतं आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. शेवटी ट्रेलर मोटारीलाच ओढून उलटवतो. उलट भार फार जास्त झाला तर मोटारीचं मागचं अंग दबतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि मग स्टिअरिंग नीट लागत नाही, ब्रेकही नीट लागत नाहीत.

चला, आकडे घालून बघू. समजा भरलेल्या ट्रेलरचं वजन ६०० किलो आहे आणि दांडीवर ७२ किलो येतात. म्हणजे १२ टक्के, अगदी छान. दांडीच्या टोकापासून आसापर्यंत अंतर २.५ मीटर धरू. आता घरातल्या मुलांनी हट्ट केला म्हणून मागच्या बाजूला दोन सायकली अडकवल्या. स्टँडसकट वजन ३० किलो, आसापासून १.५ मीटर मागे. तरफेच्या नियमाने दांडीवरचा भार किती उचलला गेला? ३० गुणिले १.५, भागिले २.५. उत्तर १८ किलो. दांडीवर उरले ५४ किलो आणि एकूण वजन झालं ६३०. टक्केवारी काढा : साडेआठच्या जरा वर!

थांबा, अजून पाणी भरायचं आहे. या ट्रेलरची टाकी सुमारे ४५ लिटरची असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नका. समजा टाकी आसाच्या अर्धा मीटर मागे आहे. ४५ गुणिले ०.५ भागिले २.५, म्हणजे आणखी ९ किलो उचलले गेले. आता दांडीवर ४५ किलो, एकूण ६७५. म्हणजे साधारण ६.७ टक्के. बाहेरून बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही. ट्रेलर तोच, मोटार तीच, नेणारा माणूसही तोच. फक्त दोन सायकली आणि एक टाकी पाणी, आणि सुरक्षित गाडी धोकादायक झाली.

हा भार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करायचा, चाकांना अडणी लावायची, मोटारीपासून सोडवायचा, आणि दांडीच्या टोकाखाली ठोकळा ठेवून तो घरच्या वजनकाट्यावर टेकवायचा. दांडी मोटारीला जोडताना असते त्याच उंचीवर हवी. काटा दाखवेल तेवढा भार. पाच मिनिटांचं काम, पण पुष्कळजण ते करत नाहीत. 'मागच्या वर्षी काही झालं नाही' हे त्यांचं उत्तर असतं. मागच्या वर्षी सायकली नव्हत्या, त्याचं काय?

आणि प्रवासात ट्रेलर झुलायला लागलाच तर? माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. तिथेच चुकतं. जोरात ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, वेगही वाढवायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर चालकाजवळ त्यांचा वेगळा खटका असतो, फक्त तो हलकेच दाबायचा. मागून ट्रेलर धरला गेला की दोरी ताणावी तसं सगळं सरळ होतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, हीच कमाल मर्यादा आहे. ती उगीच नाही.

निघण्यापूर्वी दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवतात. गोळ्यावरून दांडी निसटलीच, तर ती रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. टायरच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने नुसता उभा असतो, त्यामुळे टायरची नक्षी झिजत नाही. रबर मात्र जुनं होतंच. टायरवर चार आकडी तारीख असते : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षं झाली की नवा दिसणारा टायरही बदलावा. मागे घेण्याचं तंत्र तर वेगळंच आहे. ट्रेलर जितका आखूड, तितका तो मागे घेताना पटकन वळतो. म्हणून स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला हात सरकवायचा, तोही हळूहळू.

मुक्कामाला पोचल्यावर हिशेब बदलतो. आता वजनाऐवजी पाणी, वीज आणि गॅस मोजायचे. ४५ लिटर म्हणजे आपल्या तीन बादल्या. त्यात दोघांचं पिणं, स्वयंपाक, भांडी, हात-तोंड धुणं. काटकसर केली तर दोन-तीन दिवस पुरतं. मराठवाड्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. विजेचंही तसंच. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हातात ५०. एक पंखा आणि दिवे मिळून दिवसाला २० लागले, तर अडीच दिवसांत मर्यादा संपली.

गॅसबद्दल मात्र नीट वाचा. तिथे दांडीवर प्रोपेनचा सिलिंडर बसवतात, सुमारे ९ किलो गॅसचा. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतो, त्याची वाफ होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, म्हणून थंडीत तोच चालतो. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून गळती सांगणारी घंटी खाली, फरशीजवळ लावतात.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. थंडीच्या रात्री ऊब यावी म्हणून खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवली, तर एवढ्याशा खोलीतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. झोपेतच माणूस दगावतो. त्याची घंटी वेगळी असते आणि ती असायलाच हवी. आपल्याकडेही हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात. कारण तेच. स्वयंपाक करताना छताची झडप आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवायची. शेगडी ऊब घेण्यासाठी वापरायचीच नाही.

खिडकी उघडी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं. ४४ ग्रॅम प्रोपेन जळाला की ७२ ग्रॅम पाण्याची वाफ होते. रसायनशास्त्राचं समीकरण मांडून पडताळून बघा. त्यात झोपलेल्या माणसांचा श्वास मिसळतो. सकाळी थंड भिंतींवर थेंब, गाद्यांच्या खालची बाजू ओली. बाहेर ऊन पडलंय आणि घर गळतंय असं वाटतं, पण हे पाणी आतलंच!

फ्रीज गॅसवर चालतो, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. या प्रकारच्या फ्रीजमध्ये आपल्या फ्रीजसारखा कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनियाची वाफ होते आणि पुढे द्रव स्वतःच्या वजनाने खाली वाहतो. म्हणून ट्रेलर तिरका उभा असेल तर द्रव अडकतो आणि फ्रीज बिघडतो. मुक्कामाला पोचताच लोक पाणसळ लावून चाकाखाली फळ्या सरकवताना दिसतात, ते यासाठीच.

टणक भिंतींचा एक मोठा फायदा सांगतो. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात लेक लुईजजवळ तंबूवाल्यांसाठी विजेच्या कुंपणाची वेगळी जागा आहे. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर तर तंबूला परवानगीच नाही. कारण अस्वलं. फायबरग्लासचा ट्रेलर मात्र तिथे चालतो. सगळीकडे चालतो असं मात्र समजू नका. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगररस्त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे, आणि मोटार अधिक ट्रेलर अशी मिळून लांबी मोजतात. १३ फुटांचा चिमुकला ट्रेलरही तिथे बसत नाही. तो तळावर सोडून नुसती मोटार घेऊन वर जायचं.

हिवाळ्यापूर्वी नळ्यांतलं सगळं पाणी काढावं लागतं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं आणि नळ्या फुटतात. विनिपेगच्या थंडीत तर हे एका रात्रीत होतं.

आता वही-पेन घ्या. वरच्या उदाहरणातल्या सायकली मोटारीच्या टपावर हलवल्या, पण पाण्याची टाकी भरलेलीच ठेवली, तर दांडीवर किती टक्के भार येईल? तो दहाच्या वर आहे की खाली? मग १० किलोची शिध्याची पेटी आसाच्या पुढे १.२५ मीटरवर ठेवली तर काय होईल? एकूण वजनही वाढतं, ते धरायला विसरू नका. उत्तर वहीत रीतीसह लिहा आणि वर्गात आल्यावर मला दाखवा.