तंतुकणिका आणि कवकांची रोगजननक्षमता

सन २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे व प्राण हिरावले. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र शासनाने हा व्याधी साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. वास्तविक या कवकाचे बीजाणू माती, शेणखत व हवा यांत सर्वत्र असतात; पाचोऱ्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यात ते नित्य श्वासावाटे आत जातात. मग एरवी ते निरुपद्रवी का राहतात?

उत्तराचा एक भाग रुग्णदेहात आहे. अनियंत्रित मधुमेहात रक्ताची आम्लता वाढली की ट्रान्सफेरिनशी बद्ध असलेले लोह सुटे होते आणि रायझोपस कवकास ते आयतेच मिळते. स्टेरॉइडमुळे रक्तशर्करा वाढते, श्वेतपेशींचे बळ घटते. कवकास हे लोह अन्य कार्यांबरोबरच तंतुकणिकांतील श्वसनशृंखलेसाठी लागते.

दुसरा भाग या तंतुकणिकांतच आहे. कॅन्डिडा अल्बिकन्सच्या श्वसनशृंखलेतील पहिले संकुल निकामी केले असता त्यास तंतुरूप नीट धारण करता येत नाही व उंदरांत त्याची मारकता लोपते. कॅन्डिडा ग्लॅब्राटात मात्र निराळाच प्रकार दिसतो. तंतुकणिकेतील डीएनए गमावलेले त्याचे वाण खुरटे वाढतात, परंतु औषध बाहेर फेकणारे पंप बळावल्याने फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. तंतुकणिका दुर्बल झाली म्हणजे कवक दुर्बल झाले, असा सरळ हिशेब येथे चालत नाही.

तंतुकणिका म्हणजेच धात्वग्नी, हे समीकरण आपल्या चर्चांत वारंवार मांडले जाते. आम्हांस ते घाईचे वाटते. कवकाची व रुग्णाची श्वसनशृंखला बव्हंशी एकाच घडणीची असते. एकीला रोखणारे द्रव्य दुसरीलाही बाधू शकते. म्हणूनच परीक्षानळीत कवकरोधी ठरलेल्या हरिद्रा वा निंब यांच्या सत्त्वावरून रुग्णचिकित्सेचा निष्कर्ष काढता येत नाही.

मधुमेही किंवा नुकतेच स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णात चेहऱ्याच्या एका बाजूस वेदना, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती शोथ अथवा टाळूवर काळा चट्टा आढळल्यास नस्य-धूपनात दिवस दवडू नये. त्याच दिवशी त्यास जळगावी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. अँफोटेरिसिन व शस्त्रक्रिया यांत विलंब परवडत नाही. लोहकल्प चालू असल्यास तो थांबवून सोबतच्या पत्रात तशी नोंद करावी.