जुन्या रेडिओतील कंडेन्सरची पारख

ज्यांचे घरी वाडवडिलांचा व्हॉल्वचा रेडिओ माळ्यावर पडून आहे, त्यांस आमची प्रथम विनंती ही की, "चालतो का पाहू" म्हणून तो एकदम विजेस जोडू नये. परळी निजामाच्या राज्यात होती त्या, म्हणजे १९४८ पूर्वीच्या काळातला संच असो, की त्यानंतरचा फिलिप्स वा मर्फी असो, त्यातील व्हॉल्व बहुधा शाबूत असतात. बिघडतात ते कंडेन्सर.

कंडेन्सर म्हणजे धातूचे दोन पत्रे व त्यांमध्ये विजेस अडविणारा पडदा. अभ्रकाच्या पडद्याचे चपटे, चौकोनी कंडेन्सर बहुधा चांगले निघतात; त्यांस उगाच हात लावू नये. मेण पाजलेल्या कागदाचे नळीसारखे कंडेन्सर मात्र, बाहेरून कितीही ठाकठीक दिसोत, संशयितच समजावे. कागदात दमट हवा शिरते व वीज झिरपू लागते. ॲल्युमिनियमच्या डब्यातले ते इलेक्ट्रोलिटिक. त्यांतील द्रव वाळला की रेडिओ सारखा गुणगुणतो.

सर्वांत घातक तो कागदी कंडेन्सर, जो शेवटच्या व्हॉल्वच्या ग्रिडास आधीच्या व्हॉल्वच्या ॲनोडशी जोडतो. ध्वनीचा आंदोलित प्रवाह पुढे जाऊ देणे व ॲनोडवरील स्थिर दाब अडविणे, हे त्याचे काम. तो किंचित जरी झिरपला, तरी ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्वमधून बेसुमार प्रवाह वाहतो आणि व्हॉल्वपाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जळतो. साध्या मीटराने येथे फसगत होते. त्याची बॅटरी फार तर नऊ व्होल्टांची, आणि दोष प्रकटतो तो शेकडो व्होल्टांच्या दाबाखाली. म्हणून एक टोक सोडवून, कंडेन्सरवर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन परीक्षा करावी. ते साधन नसेल तर तो सरळ बदलावा.

जुन्या नकाशांतील 'एम.एफ.डी.' म्हणजे मायक्रोफॅरड, 'एम.एम.एफ.' म्हणजे त्याचा दशलक्षांश, आजचा पिकोफॅरड. (ज्यांच्यावरून फॅरड हे नाव पडले ते मायकेल फॅरडे, १७९१–१८६७, लहानपणी पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवार होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.) कागदी कंडेन्सरच्या जागी त्याच मूल्याचा, ६३० व्होल्टांचा पॉलिएस्टरचा कंडेन्सर चालतो. इलेक्ट्रोलिटिक बसविताना धन व ऋण टोके उलटी होऊ देऊ नयेत.

संच बंद केल्यावरही इलेक्ट्रोलिटिकमध्ये प्राणघातक वीज उरू शकते. ती रेझिस्टरमधून वाहू द्यावी. ज्या संचांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांची लोखंडी बैठक थेट विजेच्या तारेशी जोडलेली असते. तेव्हा मुलांनी जाणत्या माणसावाचून मागचे झाकण काढू नये. दुरुस्तीनंतर प्रथम वीज देताना वाटेत साठ वॅटचा तारेचा दिवा घालावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखतच राहिला तर तत्काळ बटण बंद करावे.