जुनीं उत्तरें पुन्हां तपासणारें साधन

एक चूक सुधारावयास जावें आणि तिच्या शेजारीं दुसरी उत्पन्न व्हावी, हा अनुभव गणिताच्या वहींत सर्वांस येतो. संगणकाच्या आज्ञावलीचेंहि तसेंच आहे. नवा फेरफार करितांना पूर्वीं बरोबर चालणारा भाग बिघडला, तर त्यास ‘रिग्रेशन’, म्हणजे पीछेहाट, म्हणतात. ती वेळींच ओळखण्यासाठीं प्रत्येक फेरफारानंतर जुनीं उत्तरें पुन्हां तपासावीं लागतात. पायथन भाषेंत हें काम करणारें ‘पायटेस्ट’ नांवाचें साधन विनामूल्य मिळतें.

संगणकावर पायथन असल्यास एक निराळा फोल्डर करावा व त्यांत ‘व्हेनव्ह’च्या साहाय्यानें स्वतंत्र व्यवस्था उभारावी, म्हणजे एका कामाचें साहित्य दुसऱ्यांत मिसळत नाहीं. ती चालू करून ‘पिप इन्स्टॉल पायटेस्ट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकावी.

आतां लीप वर्ष ओळखणारी आज्ञावली घेऊं. चारानें भाग जाणारें वर्ष लीप असतें. परंतु शंभरानें भाग जात असल्यास चारशेंनींहि जावा लागतो. तिच्या शेजारीं चाचणीची फाइल ठेवावी. फाइलच्या नांवाचा आरंभ ‘टेस्ट’ व त्यापुढील अधोरेषा यांनीं करावा. आंतील प्रत्येक चाचणीचें नांवहि ‘टेस्ट’नेंच सुरू व्हावें. ‘असर्ट’ या शब्दानें अपेक्षित उत्तरें नोंदावीं : २०२४ व २००० लीप आहेत, २०२३ व १९०० नाहींत. मग ‘पायटेस्ट’ एवढेंच टंकावें. उत्तीर्ण चाचणीस टिंब व अनुत्तीर्ण चाचणीस ‘एफ’ हें अक्षर उमटतें आणि कोठें चुकलें तें दाखविलें जातें.

एकदां शंभराचा नियम मुद्दाम काढून पाहावा. २०२४ चें उत्तर बरोबरच येईल, पण १९०० पकडलें जाईल. ‘एफ’ उमटला, तरच मांडणी विश्वासार्ह समजावी.

मात्र जुने प्रश्नच नेहमीं पुरतात असें नाहीं. ता. ४ जून १९९६ रोजीं ‘एरियन-५’ हें युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत एका मिनिटाच्या आंत नष्ट झालें. त्यांतील आज्ञावलीचा कांहीं भाग ‘एरियन-४’वरून जशाचा तसा घेतला होता. नव्या अग्निबाणाच्या वेगामुळें एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या जागेंत मावली नाहीं. आणि नव्या मार्गाचे आंकडे घालून तो भाग आधीं तपासलेला नव्हता.

म्हणून नवी चूक सांपडली किंवा परिस्थिति बदलली, कीं चाचणीच्या फाइलींत त्याविषयींचा प्रश्न त्याच दिवशीं लिहून ठेवावा. प्रश्न पुन्हां पुन्हां विचारण्याचे श्रम साधन करील; ते निवडण्याचें काम मात्र आपलेंच आहे.