आधी पाटीवर, मग लाकडावर

तुम्ही आता वाचू लागलात. सही करू लागलात. पहिल्या दिवशी 'ग' काढताना हात कसा थरथरत होता, आठवते ना? गाठ एकीकडे जायची, काना दुसरीकडे. मग गिरवून गिरवून हात बसला. चित्राचेही तसेच आहे. कामापुरते चित्र सरावाने कोणालाही काढता येते.

"आता या वयात चित्रं काढून काय करायचं?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ऐका.

घरात भांड्यांसाठी मांडणी करायची आहे, असे समजा. तुम्ही सुताराला सांगता, "दादा, तीन फळ्यांची मांडणी करा. खाली हंडा बसला पाहिजे." सुतार मान डोलावतो. मांडणी घरी येते, आणि हंडा काही आत जात नाही. त्याच्या मनातला हंडा लहान, तुमचा मोठा. आता भांडून काय उपयोग? कापलेले लाकूड वाढत नाही. पैसे गेले ते गेले. पाटीवरची रेघ मात्र ओल्या फडक्याने पुसता येते. म्हणून चूक व्हायची ती पाटीवर होऊ द्यावी.

पहिला सराव हाताचा. पाटीवर दोन ठिपके द्या. पट्टी न घेता एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढा. नजर पेन्सिलीच्या टोकावर ठेवू नका. जिथे पोचायचे, त्या ठिपक्यावर ठेवा. नांगर धरणाऱ्याला हे सांगायला नको. समोरच्या खुणेवर नजर ठेवली की तास सरळ जातो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांचा हात तर अर्धा तयारच आहे. रोज दहा उभ्या रेघा, दहा आडव्या रेघा आणि दहा गोल काढा. मोठा गोल काढताना मनगट टेकू नका. सगळा हात फिरवा.

एवढ्याने काय होणार, असे म्हणू नका. पालघर जिल्ह्यातील वारली लोकांची चित्रे पाहा. गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघा, एवढ्यातच ती होतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचे अंग झाले. वर गोल काढला की डोके झाले. लग्नाच्या वेळी सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात. डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी अशीच चित्रे कागदावर व कापडावर काढली. ती परदेशातही गेली. 2011 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

दुसरा सराव डोळ्याचा. समोर तांब्या ठेवा. लगेच काढू नका. आधी नीट बघा. तांब्याचे तोंड गोल आहे, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून आपण ते गोल काढतो. पण थोडे लांबून पाहिले तर ते चपटे दिसते. जसे दिसते तसे काढा.

तांब्या उंच जास्त की रुंद जास्त? हात सरळ लांब करा. एक डोळा मिटा. पेन्सिल उभी धरून तांब्याची उंची अंगठ्याने धरा. मग तीच पेन्सिल आडवी करून रुंदीशी ताडून पाहा. कोपर वाकवू नका, नाहीतर माप बदलेल.

तिसरा सराव दुसऱ्याच्या डोळ्याचा. हा सर्वांत मोलाचा. चित्र शेजाऱ्याला दाखवा. काय काढले ते सांगू नका. विचारा, "हे काय आहे?" तो "भोपळा" म्हणाला, तर रागावू नका. विचारा, "तांब्या वाटायला काय पाहिजे?" तो म्हणेल, "गळा कुठं आहे?" झाले! चूक सापडली. पहिले चित्र पुसू नका. त्याच्या शेजारी दुसरे काढा, म्हणजे फरक कळेल.

नुसते "छान आहे" म्हटल्याने शिकणे होत नाही. आणि हसण्याने तर शिकणारा पाटीच खाली ठेवतो. म्हणून दुसऱ्याचे चित्र पाहताना हसू नका. एका वेळी एकच चूक सांगा. "डावी बाजू जास्त फुगली आहे," असे नेमके सांगा. जवळ कोणी नसेल, तर पाटी उलटी करून पाहा. वाकडेपण लवकर दिसते.

आता मांडणी काढा. खऱ्या एका फुटाला पाटीवर एक इंच धरा. मांडणी 5 फूट उंच असेल, तर पाटीवर 5 इंच काढा. हंडा मोजा. तो 18 इंच उंच असेल, तर खालच्या दोन फळ्यांमध्ये 20 इंच मोकळे ठेवा. आकडे शेजारी लिहा. मग सुताराला दाखवा आणि म्हणा, "दादा, यात तुम्हाला काय समजलं, ते मला सांगा." त्याने सांगितलेले तुमच्या मनासारखे असेल, तरच लाकूड कापू द्या.

करून पाहा :
1. तुमच्या घरातील एक भांडे पाटीवर काढा. दोघांना दाखवा. ते काय म्हणाले, ते लिहा.
2. तेच भांडे पुन्हा काढा. काय सुधारले?
3. घराच्या दाराचे चित्र काढा. उंची व रुंदी मोजून लिहा.